एका गाडीचे श्रेय, तेरा गाड्यांचे विस्मरण

1895 सालच्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मोटारगाडीच्या जन्माचे दोन दावे एकाच महिन्यात पुढे आले. 5 तारखेला न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातील जॉर्ज सेल्डन या वकिलाला पेट्रोलवर चालणाऱ्या गाडीचे पेटंट मिळाले. अर्ज त्याने 1879 मध्येच केला होता. पुढची सोळा वर्षे तो अर्जात दुरुस्त्या करत राहिला, कारण पेटंट जितके उशिरा मिळेल तितकी त्याची मुदत उशिरा संपणार होती. एवढ्या काळात त्याने एकही पूर्ण गाडी बांधली नव्हती. त्याच महिन्याच्या 28 तारखेला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, शिकागोच्या बर्फाळ रस्त्यांवर फ्रँक ड्युरिया नावाच्या सव्वीस वर्षांच्या कारागिराने आपली गाडी सुमारे 54 मैल हाकून अमेरिकेतली पहिली मोटारशर्यत जिंकली. एकाजवळ हक्काचा कागद होता, दुसऱ्याजवळ चालती गाडी. अमेरिकी मोटारीचा जनक कोण, हा वाद पुढे पाऊण शतक या दोन टोकांमध्ये फिरत राहिला.

या वादात एक तिसरी गोष्ट बाजूला पडली आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची होती. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावात 1895 मध्ये 'ड्युरिया मोटर वॅगन कंपनी' स्थापन झाली आणि 1896 साली तिने एकाच आराखड्यावरून तेरा गाड्या बांधल्या. अमेरिकेत विक्रीसाठी, एकसारख्या, एकामागून एक बांधलेल्या या पहिल्या पेट्रोल गाड्या. 1898 मध्ये कंपनी संपली. जेमतेम तीन वर्षांच्या या आयुष्याकडे इतिहासकार बहुधा पुढच्या मोठ्या कहाणीची प्रस्तावना म्हणून पाहतात. ड्युरिया बंधूंनी स्वतःही तेच केले. पहिली गाडी कोणाची यावर ते जन्मभर भांडले. तेरा गाड्या कोणाच्या, हे मात्र कोणीच विचारले नाही.

चार्ल्स ड्युरिया 1861 सालचा, फ्रँक 1869 सालचा. दोघेही इलिनॉय राज्यातल्या शेतकरी घरातले, दोघेही सायकलीच्या धंद्यातून आलेले. त्या काळी यंत्रविद्या शिकण्याचे सर्वांत चांगले विद्यालय म्हणजे सायकलीचा कारखाना. बॉल बेअरिंग, साखळी, पोकळ नळ्यांची चौकट, तारांची चाके हे सगळे मोटारीने सायकलीकडूनच घेतले. चार्ल्स कल्पनांचा माणूस होता, बोलका आणि लिहिता. फ्रँक टूलमेकर होता. धातूच्या तुकड्याला हवा तो आकार नेमका कसा द्यायचा हे त्याच्या हातांना ठाऊक होते. चार्ल्सने सत्तर डॉलरला एक जुनी बग्गी विकत घेतली, अर्विन मार्कहॅम या गृहस्थाकडून हजार डॉलरच्या भांडवलाचे आश्वासन मिळवले आणि फ्रँकला कामावर घेतले. 1892 च्या शरद ऋतूत तो स्वतः सायकलीच्या धंद्यासाठी इलिनॉयमधील पिओरियाला निघून गेला.

वादाचे मूळ इथे आहे. चार्ल्सने आखलेले इंजिन चालले नाही. फ्रँक मध्यंतरी विषमज्वराने आजारी पडला, बरा झाल्यावर परत कामाला लागला आणि त्याने इंजिनाची रचना बरीचशी बदलली. सप्टेंबर 1893 मध्ये गाडी घोड्याने ओढून स्प्रिंगफील्डच्या कडेला नेण्यात आली, आणि तिथे ती स्वतःच्या बळावर थोडे अंतर चालली. शक्ती चाकांपर्यंत पोचवणारा घर्षणाचा पट्टा नीट काम देईना, म्हणून पुढच्या महिन्यांत फ्रँकने त्याच्या जागी दंतचक्रे बसवली. ही गाडी चार्ल्सची की फ्रँकची? कल्पना, पैसा आणि पुढाकार चार्ल्सचा. ती रस्त्यावर धावली ती फ्रँकमुळे. न्यायाने पाहिले तर उत्तर 'दोघांची' असे निघते. पण श्रेयाच्या बाजारात अर्ध्या वाट्याला भाव नसतो.

'पहिली' या विशेषणावरही अनेकांनी हक्क सांगितला. ओहायोतल्या जॉन लँबर्टच्या नावावर 1891 ची एक गाडी सांगितली जाते. इंडियाना राज्यातील कोकोमोच्या एल्वुड हेन्सने 4 जुलै 1894 रोजी आपली गाडी चालवली, आणि पुढे त्याच्या कंपनीने 'अमेरिकेची पहिली मोटार' अशी जाहिरात वर्षानुवर्षे केली. जगाचा विचार केला तर हे सगळेच उशिरा आलेले. कार्ल बेंझचे पेटंट 1886 सालचे, आणि 1894 पासून त्याच्या मानहाइमच्या कारखान्यातून 'वेलो' नावाची छोटी गाडी नियमितपणे बाहेर पडत होती. शिकागोच्या शर्यतीत फ्रँकसमोर उभ्या असलेल्या पाच गाड्यांपैकी तीन बेंझच्याच होत्या. एखाद्या वस्तूचा पहिला नमुना शोधायला निघालो की आणखी एक पहिला सापडतोच, आणि त्यातून इतिहासाला हाती लागते ते फार थोडे.

'शिकागो टाइम्स हेरल्ड' या वृत्तपत्राचा मालक कोलसाट याने ही शर्यत भरवली होती. ऐंशीच्या आसपास नावे नोंदवली गेली, पण गाडी घेऊन प्रारंभरेषेवर आले फक्त सहा जण: तीन बेंझ, दोन विजेच्या गाड्या आणि एक ड्युरिया. आदल्या दिवसांत जोरदार बर्फ पडला होता. थंडीत बॅटऱ्या लवकर उतरल्या आणि विजेच्या गाड्या थांबल्या. एका बेंझची वाटेत टक्कर झाली. फ्रँकचे स्टिअरिंग मोडले, तेव्हा लोहाराची भट्टी गाठून ते जुळवावे लागले. नंतर इंजिनाची ठिणगी पाडणारा भाग बिघडला, तोही सणाच्या सुटीच्या दिवशी कसाबसा दुरुस्त करून घ्यावा लागला. संध्याकाळी सव्वासातच्या सुमाराला, दहा तासांहून अधिक वेळ घेऊन, तो पोचला. त्याच्यानंतर दीडेक तासाने एकच गाडी आली, म्यूलरची बेंझ. तिचा चालक गारठून बेशुद्ध झाला होता आणि सुकाणू हातात घेतले होते गाडीतला पंच चार्ल्स किंग याने. हा किंग डेट्रॉइटचा. तीनेक महिन्यांनी, मार्च 1896 मध्ये, डेट्रॉइटच्या रस्त्यावर पहिली मोटार यानेच चालवली. त्याच्या ओळखीचा आणखी एक यंत्रवेडा त्या वेळी घरामागच्या शेडमध्ये गाडी बांधत होता. त्याचे नाव हेन्री फोर्ड.

या शर्यतीचा वेग आजच्या सायकलस्वाराहूनही कमी. तरी तिने एक प्रश्न निकालात काढला. अमेरिकी गाडी युरोपी गाडीपेक्षा अधिक खात्रीची असू शकते, आणि बिघडली तर रस्त्यावरच्या लोहाराकडूनही चालती करून घेता येते. दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. साध्या गावठी कारागिराच्या आवाक्यात बसणारे यंत्र हेच मोठ्या संख्येने बनवता येण्याजोगे यंत्र असते.

यानंतरचे वर्ष म्हणजे 1896. तेरा हा आकडा आज हास्यास्पद वाटेल. पण एक गाडी आणि तेरा गाड्या यांतला फरक बाराचा नव्हे. घरी एकदा जमलेला पदार्थ आणि खाणावळीत रोज तोच स्वाद देणे यांत जे अंतर असते, ते इथे होते. एकच गाडी करताना कारागीर जुळवून घेतो, घासतो, ठोकतो, मापात बसत नसेल तर माप बदलतो. तेरा करायच्या तर माप आधी ठरवावे लागते, आराखडा कागदावर पक्का करावा लागतो, माल एकदम मागवावा लागतो, दुसऱ्याच्या हातांवर विश्वास टाकावा लागतो, आणि किंमतही गाडी बनण्यापूर्वीच सांगावी लागते. यंत्र बनवणे आणि धंदा उभा करणे यांतली ही सीमा अमेरिकेत पेट्रोल मोटारीच्या बाबतीत ड्युरिया कंपनीने पहिल्यांदा ओलांडली. सेल्डनने ती ओलांडली नव्हती. फोर्डने 4 जून 1896 च्या पहाटे शेडची भिंत फोडून आपली पहिली गाडी बाहेर काढली आणि नंतर ती दोनशे डॉलरला विकून दुसऱ्या गाडीला हात घातला. त्याच वर्षी स्प्रिंगफील्डमध्ये तेरा गाड्यांचा क्रम चालू होता.

हे स्प्रिंगफील्डलाच का घडावे, याचे उत्तर दोन भावांच्या प्रतिभेत मिळत नाही. ते गावाच्या इतिहासात आहे. तिथे 1794 पासून सरकारी शस्त्रागार होते. बंदुकीचा एक भाग दुसऱ्या बंदुकीत जसाच्या तसा बसला पाहिजे, ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचे काम एकोणिसाव्या शतकात ज्या थोड्या ठिकाणी झाले त्यांपैकी हे एक. बंदुकीच्या दस्त्यासारखा वेडावाकडा आकार नमुन्यावरून हुबेहूब कातणारे थॉमस ब्लँचर्डचे लेथ इथेच नावारूपाला आले. अचूक माप घेणारे फिटर, साचे बनवणारे कारागीर, यंत्रे विकणारे दुकानदार हा सगळा समाज त्या खोऱ्यात तयार होता. फ्रँक त्याच समाजात घडला. ड्युरिया कंपनी संपल्यावरही ती माती नापीक झाली नाही. 1900 च्या सुमारास तिथे नॉक्स मोटार कंपनी उभी राहिली, 1901 मध्ये इंडियन मोटरसायकल आली, आणि 1920 च्या दशकात खुद्द रोल्स रॉइसने आपला अमेरिकी कारखाना थाटायला स्प्रिंगफील्डच निवडले. म्हणून तेरा गाड्यांचे कर्ते कोण, या प्रश्नाचे उत्तर कोणा एका नावात बसत नाही. कदाचित म्हणूनच तो प्रश्न कोणी विचारला नसावा.

मग कंपनी बुडाली का? सर्वांत सोपे उत्तर भाऊबंदकीचे. दोघांत पटेनासे झाले, भागधारकांनी हक्क विकून टाकले, भाऊ वेगळे झाले. हे खरे आहे, पण यात कारण कमी आणि कथा जास्त आहे. भांडण नसते तर कंपनी तगली असती का, हे पाहायचे तर त्या वर्षांतली परिस्थिती समोर मांडावी लागते.

पहिली गोष्ट पैशाची. 1893 च्या आर्थिक संकटानंतर अमेरिका जवळजवळ 1897 पर्यंत मंदीत होती. कंपनीचे आयुष्य बरेचसे त्या मंदीतच गेले. दुसरी गोष्ट रस्त्यांची. अमेरिकेच्या केंद्र सरकारने रस्त्यांचा विचार करणारे कार्यालय उघडले 3 ऑक्टोबर 1893 ला, म्हणजे ड्युरियाची गाडी पहिल्यांदा चालली त्यानंतर पंधरवड्याच्या आत. पण कार्यालय उघडल्याने रस्ते होत नाहीत. 1904 च्या पाहणीत एकवीस लाख मैलांहून अधिक ग्रामीण रस्त्यांपैकी सुमारे सात टक्क्यांवरच खडी किंवा तसा काही पक्का थर आढळला. चांगल्या रस्त्यांची मागणी तोवर मुख्यतः सायकलवाल्यांनी लावून धरली होती. मोटारवाल्यांची संख्या आवाज उठवण्याइतकी नव्हतीच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि आज सर्वांत जास्त विसरली जाणारी. पेट्रोल हेच भविष्य आहे, हे तेव्हा कोणालाही माहीत नव्हते. 1900 साली अमेरिकेत सुमारे 4,200 मोटारी बनल्या. त्यांत वाफेवर चालणाऱ्या 1,681, विजेवर चालणाऱ्या 1,575 आणि पेट्रोलच्या फक्त 936 होत्या. टेक्सासमधील स्पिंडलटॉपला तेलाचा प्रचंड झरा लागला तो जानेवारी 1901 मध्ये. 1896 सालच्या भांडवलदाराच्या जागी स्वतःला ठेवून पाहा: गोंगाट करणारे, वास मारणारे, हँडल फिरवून सुरू करावे लागणारे यंत्र, बिघडले तर सांभाळायला ना दुकान ना मिस्त्री. अशा वस्तूत पैसा घालणारा माणूस मूर्ख नव्हता, आणि पैसा काढून घेणाराही दूरदृष्टीहीन नव्हता. आपण निकाल माहीत असताना त्यांना दोष देतो.

गिऱ्हाईक घडवण्याचे काम अजून सुरूच व्हायचे होते. 1896 मध्ये एक ड्युरिया गाडी बार्नम अँड बेली सर्कशीत प्रदर्शनासाठी फिरली. 30 मे रोजी न्यूयॉर्कमध्ये दुसऱ्या एका ड्युरियाने एका सायकलस्वार स्त्रीला धडक दिली, तिचा पाय मोडला आणि चालकाला पोलिसांनी ताब्यात घेतले. हा अमेरिकेतला पहिला नोंदलेला मोटार अपघात मानला जातो. नोव्हेंबरमध्ये लंडन ते ब्रायटन या प्रसिद्ध फेरीत दोन ड्युरिया गाड्या सामील झाल्या. सर्कस, अपघात आणि परदेशातली मिरवणूक यांतून प्रसिद्धी मिळते. दवाखान्यात जायला, बाजार करायला, रोजच्या वापराला म्हणून गाडी घेणारा माणूस त्यातून तयार होत नाही.

यावर एक वाजवी आक्षेप येईल. परिस्थिती एवढी प्रतिकूल होती तर इतर टिकले कसे? रॅन्सम ओल्ड्सने 1901 मध्ये साडेसहाशे डॉलरची छोटी गाडी काढली. त्या वर्षी 425, पुढच्या वर्षी अडीच हजारांच्या आसपास गाड्या विकल्या. आक्षेप खरा आहे, पण तो माझ्याच बाजूचा पुरावा आहे. मधल्या पाच वर्षांत मंदी सरली होती, तेल सापडले होते, आणि ओल्ड्सने सगळे स्वतः बनवण्याचा अट्टहास सोडून इंजिने लेलँडच्या कारखान्यातून आणि गिअर डॉज बंधूंकडून घेतले. एकसारखे भाग वेगवेगळ्या कारखान्यांत बनून एका ठिकाणी जुळतात, ही तेरा गाड्यांमागची कल्पनाच त्याने मोठ्या पटावर खेळली.

फोर्डचे उदाहरण आणखी बोलके आहे. 1899 मध्ये स्थापन झालेली त्याची पहिली कंपनी 1901 मध्ये बुडाली. दुसरीतून तो 1902 मध्ये बाहेर पडला आणि तिची पुढे कॅडिलॅक झाली. 1903 सालची तिसरी कंपनी चालली. त्यापूर्वीच्या दोन अपयशांना आपण शिकवणी म्हणतो, कारण तिसऱ्या खेपेला यश आले. ड्युरिया कंपनीचे अपयश मात्र अपयशच राहते, कारण तिसरी खेप त्याच नावाने आली नाही. इथे आपली मोजपट्टी तपासून घ्यायला हवी. फ्रँकने पुढे चिकोपी फॉल्सच्या स्टीव्हन्स शस्त्रकंपनीबरोबर स्टीव्हन्स-ड्युरिया गाडी काढली. ती श्रीमंतांची, दणकट गाडी म्हणून नावाजली आणि 1920 च्या दशकापर्यंत बनत होती. चार्ल्सने पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंगमध्ये आणि इतरत्र कंपन्या काढल्या, तीन चाकांच्या आणि एका दांड्याने वळणाऱ्या गाड्यांचा हट्ट धरला आणि तो हळूहळू बाजूला पडला. बुडाली ती एक नोंदणीकृत कंपनी. तिच्यातले कौशल्य पुढे चालत राहिले.

सेल्डनच्या कागदाचे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. 1899 मध्ये विजेच्या गाड्या बनवणाऱ्या एका कंपनीने त्याचे हक्क घेतले. 1903 मध्ये परवानाधारक उत्पादकांची संघटना उभी राहिली आणि प्रत्येक गाडीमागे किमतीच्या सव्वा टक्का आकार वसूल होऊ लागला. ज्याने पूर्ण गाडी बनवून विकली नव्हती, त्याच्या हक्कापोटी गाड्या बनवणारे पैसे मोजत होते. फोर्डने नकार दिला, खटला वर्षानुवर्षे चालला, आणि 1911 मध्ये अपील न्यायालयाने निकाल दिला: पेटंट वैध आहे, पण ते ज्या प्रकारच्या इंजिनाला लागू होते ते इंजिन कोणी वापरतच नाही. कागदावरच्या 'पहिल्या'चे मोल इतके निघाले.

आणि रस्त्यावरच्या 'पहिल्या'चे? चार्ल्स 1938 मध्ये वारला, तोपर्यंत अमेरिकी मोटारीचा जनक आपणच असे तो ठासून सांगत होता. फ्रँक त्याच्यानंतर अठ्ठावीस वर्षे जगला आणि 1967 मध्ये सत्त्याण्णवाव्या वर्षी गेला, तोवर खरे काम आपले होते हे तो मांडत राहिला. 1893 ची ती बग्गी 1920 पासून स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. सख्ख्या भावांतला हा वाद करुण आहे. पण अधिक करुण हे की दोघेही चुकीच्या वस्तूसाठी भांडत होते. 1893 च्या गाडीने जगाला नवे असे फारसे काही दिले नव्हते, ते बेंझने आधीच दिले होते. अमेरिकेने मोटारीच्या इतिहासात जी भर घातली ती संख्येची, एकसारखेपणाची, सामान्य माणसाच्या खिशाला परवडण्याची. त्या भरीचे पहिले पाऊल म्हणजे 1896 च्या तेरा गाड्या. त्यांचे श्रेय कोणा एका नावात बसत नव्हते, म्हणून भांडायला जागाच नव्हती, आणि म्हणूनच त्यांचे स्मरणही राहिले नाही.

हेही कबूल केले पाहिजे की तेरा गाड्यांना 'उत्पादन' म्हणणे थोडे ताणून बोलणे होईल. त्यांत हातकाम भरपूर होते. ड्युरिया आणि फोर्डच्या 1913 सालच्या सरकत्या जुळणी-रांगेत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पण त्या रांगेवर जो प्रश्न सोडवला गेला तो प्रश्न अमेरिकेत पेट्रोल गाडीपुढे प्रथम उभा राहिला स्प्रिंगफील्डमध्ये: हीच गाडी पुन्हा कशी करायची? उत्तर चुकले असेल, अपुरे असेल, पण प्रश्न बरोबर होता.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात आपण पहिल्या माणसाला हार घालतो, दुसऱ्यांदा तेच करून दाखवणाऱ्याला विसरतो. पुतळे, टपाल तिकिटे, जयंत्या हे सगळे पहिल्यासाठी राखून ठेवलेले. पण समाज बदलतो तो दुसऱ्या, तिसऱ्या, तेराव्या वस्तूने, आणि तिच्यामागे एक नाव नसते, एक गाव असते. ड्युरिया मोटर वॅगन कंपनीला अयशस्वी ठरवणाऱ्यांनी तिने नफा किती केला हे मोजले आहे. ते माप लावले तर ती नापास होते. ती काय पुन्हा करून दाखवू शकली, हे माप लावले तर 1896 साली तिच्या पुढे अमेरिकेत पेट्रोल गाडीचा एकही कारखाना नव्हता. मला दुसरे माप अधिक न्याय्य वाटते.